बॅटरी १२.६ दाखवते तरी फ्रिज रात्री दोनला बंद: एका कॅम्पर ट्रेलरच्या १२ व्होल्ट वायरिंगचं प्रकरण

ट्रेलर मेलबर्नमधल्या एका मित्राचा आहे. सेकंडहँड घेतलेला कॅम्पर ट्रेलर, वरचा तंबू उलगडला की बेड होतो, मागून किचन बाहेर सरकतं आणि त्याच्या शेजारच्या खणात १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज. बॅटरी मात्र पार दुसऱ्या टोकाला, पुढे ड्रॉबारवरच्या (गाडीला अडकवायच्या दांड्यावरच्या) टूलबॉक्समध्ये, १०० अँपिअर-अवरची एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी). गाडी जुनी, साधा अल्टरनेटर असलेली, आणि गाडीतून ट्रेलरच्या बॅटरीला चार्जिंगसाठी ५० अँपिअरच्या अँडरसन प्लगमधून (जास्त करंटसाठीचा चपटा कनेक्टर) एक जाड (म्हणजे जाड दिसणारी) केबल. हे सगळं आधी सांगतोय कारण फॉल्ट शोधताना काय कुठे बसवलंय हे डोळ्यासमोर नसेल तर नुसतं मीटर लावत बसण्यात अर्थ नाही.

तक्रार अशी की गाडी चालू असताना फ्रिज एकदम झकास, उणे दोनला सेट केला तर उणे दोन, पण कॅम्पवर पोचून ट्रेलर गाडीपासून सोडवला की पहिल्याच रात्री दीड-दोनच्या सुमाराला फ्रिज बीप करून बंद पडायचा, मग थोड्या वेळाने आपणहून चालू, परत बंद, असं पहाटेपर्यंत. सकाळी दूध कोमट आणि मॅरिनेट केलेलं चिकन टाकून द्यायची वेळ. मरी नदीच्या काठाला बार्मा नॅशनल पार्कमध्ये जाऊन राहायचं तर तिथे पॉवर साईट (वीज जोडायची सोय असलेली जागा) नाही, काही नाही, रिव्हर रेड गमची मोठमोठी झाडं आणि नदी. (त्या झाडांच्या फांद्या अचानक तुटून पडतात म्हणून त्यांच्या खाली तंबू लावू नका असं तिथे सांगतातच, पण लांब लावला तरी सकाळ-संध्याकाळ सोलर पॅनेलवर सावली येतेच.) म्हणजे रात्र बॅटरीवरच काढायची, आणि तीच निघत नव्हती.

मित्राने माझ्याकडे येण्याआधी बॅटरी बदलली होती. बहुतेक लोक हेच करतात आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण एजीएम बॅटरी स्वस्त नसते आणि जुनी बॅटरी बरेचदा ठणठणीत असते. नवी बॅटरी टाकूनही तोच प्रकार, मग कोणीतरी सांगितलं की फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन (किती कमी व्होल्टेजला फ्रिजने बंद व्हायचं ते सेटिंग) हायवरून लोवर टाक, ते टाकलं, त्याने फ्रिज दोन तास जास्त चालला इतकंच. शेवटी फोन आला की "अरे, बॅटरी नवी आहे, सकाळी मीटर लावला तर १२.६ दाखवतोय, फ्रिजच्या सॉकेटवर पण १२.६ आहे, म्हणजे फ्रिजच बिघडला ना? नवीन बघू का?" मी म्हणलं थांब, अजून काही विकत घेऊ नकोस, ट्रेलर घेऊन ये.

आता ह्या १२.६ बद्दल. त्याने सॉकेटवर मीटर लावला तेव्हा फ्रिजचा प्लग काढलेला होता. मल्टीमीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीत करंट वाहत नाही, आणि करंट नाही तर कितीही बारीक वायर असो, कितीही गंजका जॉइंट असो, त्यात व्होल्टेज पडणारच, म्हणजे वाटेत कमी होणारच, नाही. एका तारेच्या धाग्यावर लटकलेला जॉइंटसुद्धा लोड नसताना पूर्ण १२.६ दाखवतो. लोड टाकून मोजलं तरच वायरिंगची खरी परिस्थिती कळते. १२ व्होल्टच्या कामात ही एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली तरी निम्मे लोक बॅटरी आणि फ्रिज उगाच बदलायचे थांबतील असं माझं ठाम मत आहे.

आणि १२ व्होल्टला हे इतकं टोचतं का, तर घरच्या २३०-२४० व्होल्टमध्ये दीड व्होल्ट वायरीत गेला तर कोणाला पत्ताही लागत नाही, पण १२ मधला दीड म्हणजे बारा-तेरा टक्के गेले. त्यात ह्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा कंट्रोलर बॅटरी वाचवायला बसवलेला असतो. डॅनफॉस, आता सेकॉप नावाने येतात ते, बीडी ३५ जातीचे कॉम्प्रेसर खूप फ्रिजमध्ये असतात, त्यांचं साधं सेटिंग म्हणजे १०.४ व्होल्टला कट आणि परत ११.७ च्या वर गेलं की चालू. कंट्रोलर मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, बॅटरीवरचं नाही. त्याला बॅटरी दिसतच नाही, त्याला वायरच्या ह्या टोकाला काय आलं तेवढंच दिसतं.

बंद-चालू-बंद हा खेळ का चालायचा तेही इथेच समजतं. फ्रिज चालताना वायरीत व्होल्टेज पडून टर्मिनलवर १०.४ च्या खाली गेलं की कट. कट झाल्याबरोबर करंट शून्य, वायरीतला ड्रॉप शून्य, टर्मिनलवर लगेच १२ च्या वर व्होल्टेज परत येतं, कंट्रोलर म्हणतो बॅटरी सुधारली, चालू कर. चालू केलं की परत ड्रॉप. खरंच बॅटरी संपली असती तर ती अशी पटापट ११.७ च्या वर उसळी मारत राहिली नसती, म्हणून फोनवर "परत चालू होतो, परत बंद" ऐकलं तेव्हाच माझा संशय वायरिंगवर गेला होता. शिवाय कंट्रोलरच्या एलईडी लाईटचा कोड बघायला सांगितला, एकच ब्लिंक थोड्या थोड्या वेळाने, म्हणजे बॅटरी प्रोटेक्शन कट-आऊट. पंख्याचा ओव्हरकरंट असता तर दोन ब्लिंक, मोटर स्टार्ट होत नसती तर तीन. फ्रिज निर्दोष होता आणि तो स्वतः तसं सांगत होता.

एक धागा वहिनींकडून मिळाला आणि तो फार कामाचा निघाला. त्या म्हणाल्या, "भावोजी, भांडी घासताना पाण्याचा पंप लावला की किचनचा लाईट मंद होतो, आधी वाटायचं लाईटच तसला आहे." फ्रिज, पंप, लाईट ह्या तिघांच्या पॉझिटिव्ह वायरी वेगवेगळ्या फ्यूजमधून जात होत्या. मग एकाच्या लोडने दुसरा मंद होतो तर त्यांच्यात कॉमन काय, तर बॅटरी आणि निगेटिव्ह. बॅटरी नवी. म्हणजे निगेटिव्ह, ज्याला आपण बॉडी अर्थ म्हणतो तो, ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यातून (चॅसिसमधून) करंट बॅटरीकडे परत यायची वाट. हा संशय होता, सिद्ध करायचा होता.

मोजणी

फ्रिज सतत चालू राहावा म्हणून आत कोमट पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि तापमान पार खाली सेट केलं, म्हणजे मधेच कॉम्प्रेसर थांबून रीडिंग बिघडायला नको. (फ्रिज हाताशी नसेल तर जुना ५५ वॅटचा हेडलाईटचा हॅलोजन बल्ब लोड म्हणून लावा, साधारण चार-साडेचार अँपिअर खेचतो, फक्त तापतो फार, प्लॅस्टिकवर ठेवू नका.) करंट मोजायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि डीसीवर शून्य दाखवतात, घेताना हे बघून घ्या, आणि मोजायच्या आधी झिरो करा नाहीतर अर्धा अँपिअर इकडे-तिकडे होतो. क्लॅम्पवर फ्रिजचा करंट ५ अँपिअर.

बॅटरीच्या पोस्टवर, म्हणजे थिंबलवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्यावर) नाही, बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवरच, १२.३५. फ्रिजच्या प्लगपाशी १०.७६. बॅटरीतून निघालेले दीड व्होल्टपेक्षा जास्त मधे कुठेतरी जात होते. इथून पुढे अंदाज करायचा नाही, रस्त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा किती खातो ते मोजायचं. मीटर डीसी व्होल्टला, एक टोक तुकड्याच्या सुरुवातीला, दुसरं शेवटी, लोड चालू. चांगल्या तुकड्यावर जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. बॅटरी एका टोकाला आणि फ्रिज दुसऱ्या टोकाला असल्यामुळे मीटरची वायर पोचत नाही, त्यासाठी मी जुन्या वायरचा एक लांब तुकडा क्रोकोडाईल क्लिप लावून ठेवलाय, मोजणीला त्यातून करंट जात नाही त्यामुळे ती बारीक असली तरी चालते.

पॉझिटिव्ह बाजू: पोस्टपासून फ्यूजच्या पुढेपर्यंत ०.१४, हा फ्यूज काचेचा, स्प्रिंगच्या होल्डरमधला, होल्डर काढला तर आतली स्प्रिंग काळी पडलेली. तिथून मागच्या सॉकेटपर्यंत वायरीत ०.२४. सॉकेट आणि प्लगमध्ये, म्हणजे गाडीत सिगारेट लायटरचं असतं त्या गोल सॉकेटमध्ये, ०.३५. ते सॉकेट मला कायमच नको वाटतं, मधला पिन स्प्रिंगने टेकलेला, कच्च्या रस्त्यावर कॉरुगेशनने (आडव्या लाटांसारख्या खाचांनी) ट्रेलर हादरतो, प्लग अर्धा मिलिमीटर मागे सरकतो आणि तिथेच गरम व्हायला लागतं. ह्या प्लगचं टोक तपकिरी पडायला आलेलं होतंच. पॉझिटिव्हचे मिळून ०.७३.

निगेटिव्ह बाजू: बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टपासून फ्रिजच्या सॉकेटच्या निगेटिव्हपर्यंत ०.८६. आता तुकडे. पोस्टपासून ड्रॉबारवरच्या स्क्रूला लावलेल्या थिंबलपर्यंत ०.०४, उत्तम. पोस्टपासून त्या स्क्रूशेजारी, रंग खरवडून उघड्या केलेल्या चॅसिसच्या लोखंडापर्यंत ०.७९. म्हणजे थिंबल आणि चॅसिस ह्यांच्यामध्ये, बोटाच्या पेराएवढ्या अंतरात, पाऊण व्होल्ट जात होता. पुढे अख्ख्या चॅसिसमध्ये ०.०२ आणि मागच्या अर्थपासून सॉकेटपर्यंत ०.०५. बेरीज जुळली की मला बरं वाटतं, ती जुळत नसेल तर एखादा तुकडा सुटलाय किंवा मधे करंट बदललाय असं समजायचं.

तो स्क्रू काढला. सेल्फ टॅपिंग स्क्रू, पावडर कोटिंगच्या रंगावरून सरळ आत घुसवलेला. थिंबलचा तळ रंगावर बसलेला, त्याचा लोखंडाशी संबंधच नाही, सगळा करंट स्क्रूच्या आट्यांमधून चॅसिसमध्ये जायचा आणि ते आटे गंजून भोकात लाल भुकटी झालेली. थिंबलमध्ये शिरलेल्या वायरीचं इन्शुलेशन थोडं मागे सोललं तर आतलं तांबं चकाकत नव्हतं, काळं-हिरवं, बोटाने चोळलं तर हिरवट पूड हाताला लागली. ड्रॉबार म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेलं सगळं पाणी आणि चिखल झेलणारी जागा, आणि ज्याने वायरिंग केलं त्याने अख्ख्या ट्रेलरचा परतीचा करंट त्याच जागी एका स्क्रूवर आणून ठेवला होता. नुसत्या फ्रिजला पाऊण व्होल्ट, त्यात पंपाचे पाचेक अँपिअर वाढले की तिथेच दीड. वहिनींचा मंद होणारा लाईट हाच.

गाडी चालू असताना फ्रिज चांगला का चालायचा

हा भाग मला ह्या केसमध्ये सगळ्यात जास्त आवडला, कारण सगळे म्हणतात "गाडी चालू असते तेव्हा अल्टरनेटरमुळे व्होल्टेज जास्त, म्हणून चालतो." ते खरं आहे पण अर्धंच. मी ट्रेलर गाडीला जोडून, इंजिन बंद ठेवून, अँडरसन प्लग लावला आणि निगेटिव्हचा ड्रॉप परत मोजला. ०.८६ चा ०.३ झाला. इंजिन बंद, त्यामुळे गाडीतला व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले उघडा (हे आपोआप चालणारे स्विच साधारण १३.२-१३.३ व्होल्टला ट्रेलरची केबल गाडीच्या बॅटरीला जोडतात आणि १२.७-१२.८ ला सोडतात), म्हणजे पॉझिटिव्ह जोडलेलाच नाही, गाडीकडून काही मदत नाही, तरीही ड्रॉप कमी. अँडरसन काढला की परत ०.८६.

कारण असं की करंटला दुसरी वाट मिळाली. ट्रेलरच्या चॅसिसमधून टो बॉलमधून (ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या लोखंडी गोळ्यातून) गाडीच्या बॉडीत, तिथून गाडीच्या निगेटिव्हला, आणि अँडरसनच्या निगेटिव्ह केबलमधून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. गंजक्या स्क्रूला वळसा घालून. ट्रेलर गाडीपासून सोडवला की ही वाट बंद आणि सगळा भार परत त्या स्क्रूवर. म्हणून प्रवासात फ्रिज खूश आणि कॅम्पवर आजारी. टो बॉल ही ग्रीस लावलेली, हलणारी वस्तू आहे, ती वायर म्हणून वापरायची गोष्टच नाही, पण फॉल्ट असला की करंट जी मिळेल ती वाट धरतो.

ह्याच स्क्रूवर अजून एक वायर होती, सात पिनवाल्या फ्लॅट प्लगची पांढरी. ऑस्ट्रेलियात ह्या प्लगमध्ये पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी टेल आणि पांढरी अर्थ. मित्राला विचारलं की रात्री इंडिकेटर दिला की मागचे टेल लाईट पण लुकलुकतात का, तर हो, कधी कधी लुकलुकतात, त्याला वाटलं जुने बल्ब आहेत. अर्थ नीट मिळाला नाही की एका बल्बचा करंट दुसऱ्या बल्बमधून उलटा जाऊन बाहेर पडायला बघतो, त्याची ही ठरलेली खूण. मागून येणाऱ्याला तुम्ही ब्रेक मारताय की वळताय हे कळत नसेल तर फ्रिजपेक्षा ही गोष्ट फार गंभीर आहे, आणि ती सुधारायला लागणारा वेळ म्हणजे एक बोल्ट बसवायचा वेळ.

जाड दिसणारी केबल

अर्थ सापडल्यावर काम संपलं असतं, पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला होता. तीनेक तास गाडी चालवून कॅम्पवर पोचायचं, म्हणजे बॅटरी भरलेली असायला हवी, मग रात्री दोनपर्यंत ती एवढी खाली का जाते? फ्रिज, उन्हाळ्यातसुद्धा, दिवसाला ३०-४० अँपिअर-अवर खातो असं धरलं तर १०० च्या बॅटरीतून एक रात्र आरामात निघायला हवी.

इंजिन चालू करून मोजलं. गाडीच्या बॅटरीवर १४.१, ट्रेलरच्या बॅटरीवर १३.२५, केबलमधून १४ अँपिअर जात होते. केबलवर लिहिलेलं ६ एमएम. आपल्याकडे महाराष्ट्रात इलेक्ट्रिकच्या दुकानात वायर मागताना दीड, अडीच, चार, सहा म्हणतो ते स्क्वेअर एमएम, म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ. ऑस्ट्रेलियात गाडीच्या वायरिंगची जी केबल ६ एमएम म्हणून मिळते त्यात तो आकडा साधारण इन्शुलेशनसकट बाहेरच्या व्यासाचा असतो, आतलं तांबं सुमारे ४.६ स्क्वेअर एमएम. ४ एमएमची म्हणून मिळते तिच्यात तर १.८ च्या आसपास, आणि फ्रिजला मागे गेलेली वायर तीच होती. भारतातून आलेला माणूस ६ वाचतो आणि ६ स्क्वेअर समजून निवांत होतो. रीळवर स्क्वेअर एमएम किंवा बी अँड एस गेज (ह्यात आकडा लहान तितकी वायर जाड) कुठे लिहिलंय ते शोधून बघा, तोच आकडा धरायचा.

हिशोब साधा आहे. तांब्याचा रेझिस्टन्स म्हणजे ०.०१७५ गुणिले लांबी मीटरमध्ये, भागिले स्क्वेअर एमएम. लांबी जायची आणि यायची दोन्ही धरायची, हे खूप जण विसरतात. इंजिनपासून ट्रेलरच्या टूलबॉक्सपर्यंत ८ मीटर, म्हणजे १६. ०.०१७५ गुणिले १६ भागिले ४.६, साधारण ०.०६१ ओहम. १४ अँपिअरला ०.८५ व्होल्ट. १४.१ मधून ०.८५ गेले की १३.२५, मीटरवर दिसलं तेच. एजीएमला नीट भरायला साधारण १४.४ च्या आसपास लागतं, इथे ती १३ आणि काहीतरीवर घुटमळत होती, बॅटरी भरत आली की करंट कमी होतो आणि व्होल्टेज हळूहळू वर येतं हे खरं, पण त्याला एवढा वेळ लागतो की ड्राईव्ह संपून जातो. म्हणजे कॅम्पवर पोचताना बॅटरी अर्धवट भरलेली, आणि तिथून फ्रिजपर्यंत जाताना दीड व्होल्ट वाटेत गायब. बॅटरी पूर्ण भरलेली असती तर एकट्या खराब अर्थवर एक रात्र कदाचित निघाली असती, अर्थ चांगला असता तर अर्धवट बॅटरीवरही निघाली असती. दोन्ही एकत्र आले म्हणून रात्री दोन वाजता सगळं बसायचं.

काय काय केलं

आधी दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह काढले. हे रोजचं झालं म्हणून सोडू नका, १२ व्होल्टचा शॉक लागत नाही पण एजीएमवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. ट्रेलरला २४० व्होल्टचा इनलेट पण आहे, त्याला हात लावला नाही, इथे त्या कामाला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच लागतो, आणि तसाच लागायला हवा.

चॅसिसचा अर्थ: ड्रॉबारवर नवीन जागा ग्राईंडरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, ८ एमएमचा बोल्ट आरपार, दातेरी वॉशर, टिन केलेलं कॉपरचं थिंबल नीट क्रिम्प करून, घट्ट केल्यावर वरून रंग आणि लॅनोलिनचा स्प्रे. क्रिम्पिंग पक्कडीने दाबून होत नाही, जाड थिंबलला डाय असलेलंच क्रिम्पर लागतं, मित्रमंडळींकडून मागून आणा पण तेच वापरा. दिव्यांची पांढरी वायर वेगळ्या बोल्टवर.

फ्रिज: परतीचा करंट चॅसिसमधून नेण्याचा प्रकार बंद केला. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत ८ बी अँड एसची, म्हणजे जवळपास ८ स्क्वेअर एमएमची, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही वायरी टाकल्या, पुढे टूलबॉक्समध्ये निगेटिव्हसाठी एक बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी), पॉझिटिव्हला बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. फ्यूज वायर वाचवायला असतो, फ्रिज वाचवायला नाही, म्हणून तो बॅटरीच्या टोकालाच पाहिजे, मागे फ्रिजपाशी लावला तर मधली पाच मीटर वायर तशीच उघड्यावर. गोल सॉकेट काढून तिथे छोटा अँडरसन. पंप आणि लाईटच्या निगेटिव्ह वायरीही त्याच बसबारवर आणल्या.

चार्जिंग: इथे दोन रस्ते होते, जाड केबल किंवा डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारं व्होल्टेज बॅटरीला लागेल तेवढं करून देणारा). मित्राच्या गाडीचा अल्टरनेटर १४.१ स्थिर देतो, म्हणून आत्ता ६ बी अँड एसची केबल टाकली, तांबं साधारण १३.५ स्क्वेअर एमएम. नवीन गाड्यांमध्ये स्मार्ट अल्टरनेटर असतात, गाडीची बॅटरी भरली की इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतात, कधी साडेबाराच्या आसपास, मग रिले सुटतो आणि ट्रेलरला काहीच मिळत नाही. तसली गाडी असेल तर डीसी-डीसी चार्जरला पर्याय नाही, पण त्यालाही बारीक केबल देऊन चालत नाही, तो कमी व्होल्टेज आलं की जास्त करंट खेचतो आणि बारीक केबल अजून गरम होते. म्हणजे कुठल्याही रस्त्याने गेलं तरी जाड केबलचा खर्च आहेच.

परत मोजलं. फ्रिज चालू, ५ अँपिअर, बॅटरीवर १२.३५, फ्रिजपाशी १२.१६. दीड व्होल्टच्या जागी ०.१९. पंप लावला, लाईट जागचा हलला नाही, वहिनींनी दोनदा नळ सोडून बघितला. चार्जिंगला करंट २१ अँपिअरपर्यंत गेला आणि एवढा करंट जाऊनही ट्रेलरच्या बॅटरीवर १३.६. इंडिकेटर दिला की टेल लाईट स्थिर. फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन लोवरून परत मीडियमवर आणलं, कारण लोवर ठेवून बॅटरी पार खाली ओढत राहिलं तर नव्या एजीएमचं आयुष्य कमी होणार. त्यानंतर ते परत बार्माला राहून आले, फ्रिज रात्रभर एकदाही बंद पडला नाही, सकाळी बॅटरीवर १२.४ होतं.

एक बारीक गोष्ट शेवटी सापडली. फ्रिज, लाईट, पंप सगळं बंद असताना क्लॅम्पने नीट दिसेना म्हणून मल्टीमीटर अँपिअरवर टाकून बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये सिरीजला लावला, ६० मिलीअँपिअर जात होते. किचनच्या पॅनेलवर यूएसबीचं सॉकेट आहे, त्यातला निळा लाईट आणि छोटा व्होल्टमीटर, दोन्ही कायम चालू. ६० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास दीड अँपिअर-अवर, महिनाभर ट्रेलर ड्राईव्हवेवर उभा राहिला की ४० च्या वर गेले. पहिली बॅटरी बहुधा ह्यात आणि अर्धवट चार्जिंगमध्ये मिळून थकली असणार. त्या पॅनेलला बॅटरीपाशी एक आयसोलेटर स्विच लावला, आणि ट्रेलर घरी उभा असताना २४० चा चार्जर लावून ठेवायचा असं ठरलं. फोल्डिंग सोलर पॅनेलचा रेग्युलेटर अजून पॅनेलच्या मागेच चिकटवलेला आहे, तिथून बॅटरीपर्यंत लांब बारीक वायर जाते, म्हणजे रेग्युलेटरला बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज दिसतं आणि तो चार्जिंग लवकर आवरतं घेतो. तो काढून टूलबॉक्समध्ये बॅटरीशेजारी आणायचा आहे, वायर आणून ठेवली आहे.